सर्टिफिकेटांची फाइल आमच्या माळ्यावर आहे

ताई, मुलगा सातवीत, नेरुळच्या इंटरनॅशनल शाळेत. आंतरशालेय एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स: मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची सभा भरवतात), क्विझ, फुटबॉलची यादी आलीय आणि "पुढे डिप्लोमाच्या सीएएसला लागतं" म्हणून सगळीकडे नाव घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

सीएएसची धास्ती आधी सोडा. सीएएस म्हणजे क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस: कला, खेळ आणि समाजसेवेचे उपक्रम. ते आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमाबरोबर, म्हणजे अकरावी-बारावीच्या त्यांच्या अभ्यासक्रमाबरोबर, अकरावीत सुरू होतं आणि निदान 18 महिने चालतं. डिप्लोमाच्या 45 गुणांपैकी एकही त्यातून येत नाही, पण ते पुरं केल्याशिवाय डिप्लोमाही मिळत नाही. मुलानं त्या काळात काय केलं आणि त्यातून त्याला काय उमगलं, ते बघतात. सातवीतली सर्टिफिकेटं तिथे कुणी विचारत नाही.

एमयूएन जरूर करू दे, फक्त तुम्ही करू नका! हे मी शरमेनं सांगतेय. लेक आठवीत असताना तिला मांडायला भूतान देश मिळाला, मैत्रिणीला अमेरिका. रडारड झाली. तिचा मूड सुधारावा म्हणून पोझिशन पेपर, म्हणजे आपल्या देशाची भूमिका मांडणारा कागद, रात्री बसून मीच लिहिला. तिनं तो झकास वाचलाही. मग ठाण्याच्या एका शाळेतल्या पोरानं विचारलं, "तुमच्या देशात वीज कशावर बनते?" ही कागद उलटसुलट करून बघतेय, त्यात ते नव्हतंच. पुढच्या वर्षी पुन्हा भूतान, या वेळी तिनं मागून घेतला. जवळजवळ सगळी वीज पाण्यावर बनते आणि उरलेली भारताला विकतात, हे तिनंच शोधलं. आमसभेत 193 देशांना प्रत्येकी एकच मत, नकाराधिकार फक्त सुरक्षा परिषदेतल्या पाच देशांना, हेही तिनंच मला ऐकवलं. चहाच्या सुट्टीत ब्लेझर काखोटीला मारून टेबलाटेबलावर मतं मागत फिरत होती. बक्षीस नाही मिळालं.

फुटबॉलचं गणित वेगळं. सरकारी शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि संघ शाळेच्या नावानं उतरतो. तुमचं घर खारघरला, म्हणजे पनवेल मनपात असलं तरी शाळा नेरुळची, म्हणून तो नवी मुंबईकडून खेळेल. दहावी-बारावीचे क्रीडागुण राज्य मंडळाच्या मुलांना मिळतात, आयबीत नाही, तेव्हा आवड असेल तरच.

माझं ऐकाल तर या वर्षी एमयूएन आणि अजून एकच काहीतरी घ्या. त्यातही जिथे वेगवेगळ्या शाळांची मुलं एकाच गटात टाकतात, ते आधी. आमच्याकडे तीन शाळांनी मिळून पथनाट्य केलं होतं, तालमीला घोडबंदरहून मुलं यायची. लेकीची त्यातली एक मैत्रीण अजून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून आमच्याकडे जेवायला येते.

पैसे भरण्याआधी को-ऑर्डिनेटरना एवढंच विचारा: फीमध्ये बस आणि जेवण धरलंय का, आणि शनिवारी बस परत किती वाजता? ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळी अडकलात तर आठ वाजलेच म्हणून समजा.