स्पेनच्या नवकाव्यात, म्हणजे 1920च्या दशकातल्या प्रयोगशील कवितेत, कवयित्री नव्हत्याच का?

होत्या, आणि चांगल्या ताकदीच्या होत्या. सुरुवात लुसिया सांचेस साओर्निलपासून करा. माद्रिदमध्ये टेलिफोन कंपनीत नोकरी करणारी ही मुलगी ‘लुसियानो दे सान-साओर’ या पुरुषी नावाने अल्ट्राइस्ट, म्हणजे त्या काळच्या एका प्रयोगशील काव्यचळवळीच्या, मासिकांत लिहायची. त्या नावाआडून तिने स्त्रीवरच्या प्रेमाच्या कविता छापल्या, हे धाडस मला फार मोठं वाटतं. पुढे 1936मध्ये ‘मुखेरेस लिब्रेस’ ही स्त्रियांची अराजकतावादी संघटना उभारण्यात तिचा पुढाकार होता.

कवी हेरार्दो दिएगोने संपादित केलेल्या, अनेक स्पॅनिश कवींच्या निवडक कवितांच्या गाजलेल्या संग्रहाच्या 1932च्या आवृत्तीत एकही कवयित्री नव्हती. 1934मध्ये दोघी आल्या: एर्नेस्तिना दे शांपुर्सिन आणि होसेफिना दे ला तोर्रे. कोंचा मेंदेस तेव्हाही बाहेरच राहिली, आणि तो अन्यायच होता. तिचे ‘इन्किएतुदेस’ (1926) आणि ‘सुर्तिदोर’ (1928) हे संग्रह जरूर मिळवून वाचा.