पगार थकला म्हणून वसलेलं गाव

प्रश्न: पोलंडमधल्या क्रुशिन्यानी नावाच्या खेड्यातल्या हिरव्या लाकडी मशिदीचा फोटो बघितला. पण ती तर चर्चच वाटते! आधी चर्च होतं आणि नंतर मशीद केली का? आणि कॅथलिक देशातल्या अशा आडगावात मुसलमान आले कुठून?

उत्तर: नाही हो, ती पहिल्यापासून मशीदच आहे. फसायला होतं खरं, कारण समोर दोन बुटके चौकोनी मनोरे, उतरतं छप्पर, सगळं त्या भागातल्या लाकडी चर्चच्या धाटणीचं, फक्त वर क्रूसऐवजी चंद्रकोर. अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली ही पोलंडमधली उभी असलेली सगळ्यात जुनी मशीद. आत दोन खोल्या, पुरुषांची मोठी, बायकांची लहान, आणि दोघांची दारं वेगळी.

आता मुसलमान कुठून आले ते. हे तातार, म्हणजे तुर्कवंशीय मुसलमान लोक, चौदाव्या शतकापासून लिथुएनियात वसलेले आणि पिढ्यानपिढ्या तिथल्या राजांच्या घोडदळात. पण १६७२ च्या सुमारास पगार इतका थकला, वर हक्कांवरही गदा यायला लागली, की बऱ्याच तुकड्या सरळ तुर्कांना जाऊन मिळाल्या! त्यांना परत आणायचं तर थकबाकी चुकती करायला हवी आणि खजिन्यात तर खडखडाट, मग १६७९ मध्ये पोलंड-लिथुएनियाच्या जोडराज्याचा राजा यान सोबिएस्कीने पैशांऐवजी जमिनीच देऊन टाकल्या, त्यातलं एक गाव क्रुशिन्यानी आणि दुसरं बोहोनिकी. पुढे १६८३ च्या तुर्कांविरुद्धच्या लढाईत इथल्याच एका तातार सरदाराने राजाचा जीव वाचवला असंही सांगतात, पण ती आख्यायिका, जमिनीचं कारण तर त्याच्या चार वर्षं आधीचंच आहे.

गाव कुठे म्हणाल तर ईशान्य पोलंडमध्ये, बियावीस्तोक शहराच्या पूर्वेला, बेलारूसची हद्द अगदी जवळ. एकच लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. गावात ऑर्थोडॉक्स चर्चही आहे, आणि आज तातारांची जेमतेम काहीच घरं उरलीत, बाकीचे शहरात गेले. सणाला मात्र नातेवाईक येतात तेव्हा मशीद भरते.

मला स्वतःला मशिदीपेक्षा मागच्या झाडीतलं कब्रस्तान जास्त बोलकं वाटतं. त्याला तिथे मिझार म्हणतात. उशाशी मोठा दगड, पायाशी छोटा, वर अरबी ओळ आणि खाली नाव, कुठे पोलिशमध्ये तर कुठे रशियनमध्ये, कारण मधली शंभरेक वर्षं हा मुलूख रशियाच्या झारकडे होता. ह्या लोकांची स्वतःची तातार भाषा तर कधीच गेली, पण प्रार्थना अरबीतच राहिली. नावं वाचाल तर गंमत वाटेल, पहिलं नाव मुसलमानी आणि आडनावाच्या शेवटी अस्सल पोलिश 'स्की'.