ख्रिस्ती विद्यापीठातून मॅरेज अँड फॅमिली थेरपी: फी भरण्याआधी काय तपासायचं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. झालंय, मंडळीत (चर्चमध्ये) विवाहपूर्व वर्ग घेता, आणि आता अमेरिकेत एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठात किंवा सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या संस्थेत) एमएफटी, म्हणजे मॅरेज अँड फॅमिली थेरपीची पदवी, करायचीय. माहितीपत्रकं सगळी सारखीच वाटतात. तिथे प्रॅक्टिस करता येईल का, 'ख्रिस्ती दृष्टिकोन' म्हणजे वर्गात नेमकं काय शिकवतात, आणि परत आल्यावर त्या पदवीचं काय करायचं? क्रमाने घेतो, पण सगळ्याला सारखी जागा देत नाही.

माहितीपत्रकं सारखी वाटतात, कारण 'ख्रिश्चन काउन्सेलिंग' या पाटीखाली तीन वेगळे अभ्यासक्रम विकले जातात. पहिला राज्याच्या लायसन्सकडे नेणारी एमएफटी पदवी. दुसरा बिब्लिकल काउन्सेलिंग, ज्याची सुरुवात जे अ‍ॅडम्स यांनी १९७० च्या सुमारास केली. पवित्र शास्त्र पुरेसं आहे, मानसोपचाराच्या सिद्धांतांची गरज नाही, अशी त्याची भूमिका. तिसरा पास्टोरल केअर, म्हणजे पाळकाच्या किंवा रुग्णालयातल्या चॅप्लिनच्या (धर्मसेवकाच्या) कामाची तयारी. दुसऱ्या-तिसऱ्याला मी कमी लेखत नाही, पण त्यांवर थेरपिस्टचं लायसन्स मिळत नाही. एकाच सेमिनरीत तिन्ही असू शकतात आणि पदव्यांची नावं फसवी असतात. म्हणून पदवीच्या नावापेक्षा एकच वाक्य शोधा: 'ही पदवी अमुक राज्याच्या एमएफटी लायसन्सच्या शैक्षणिक अटी पूर्ण करते.' ते वाक्य राज्याच्या नावासकट लेखी मिळत नसेल तर ते माहितीपत्रक पुढे वाचूच नका.

मग मान्यता. सेमिनरी ब्रह्मज्ञानाच्या शिक्षणासाठी मान्यताप्राप्त आहे, एवढ्यावर थांबू नका. लायसन्सच्या दृष्टीने ते पुरेलच असं नाही. एमएफटीची स्वतःची मान्यता देणारा आयोग सीओएएमएफटीई. अ‍ॅबिलीन ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, अ‍ॅडव्हेंटिस्टांची लोमा लिंडा, सिअ‍ॅटल पॅसिफिक, लुईव्हिलची प्रेस्बिटेरियन सेमिनरी ही त्या यादीत दिसत आलेली ख्रिस्ती नावं. आजची स्थिती आयोगाच्या संकेतस्थळावर बघूनच अर्ज करा. कॅलिफोर्नियात ही मान्यता सक्तीची नाही, त्यामुळे तिथले बरेच चांगले कार्यक्रम यादीबाहेर आहेत. पासाडेनाच्या फुलर सेमिनरीने मानसशास्त्राचं वेगळं स्कूल १९६५ सालीच उघडलं, अझुसा पॅसिफिकही कॅलिफोर्नियातलंच. पण कॅलिफोर्नियात शिकून उद्या दुसऱ्या राज्यात गेलात, तर यादीतल्या पदवीचा मार्ग सोपा जातो. एखादा विषय कमी पडला म्हणून नोकरी सांभाळत पुन्हा क्रेडिट भरणारे लोक कमी नाहीत.

आता तास. या शिक्षणातला खरा अडसर तास हाच आहे. सीओएएमएफटीईच्या अलीकडच्या निकषांत पदवीच्या काळात किमान ३०० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत, त्यांतले १०० 'रिलेशनल', आणि वर १०० तास सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टची देखरेख. सुपरव्हिजनचे निम्मे तास प्रत्यक्ष सत्र बघून किंवा रेकॉर्डिंगवरून व्हावे लागतात. काही कार्यक्रम अजून जुन्या पद्धतीने ५०० तास मागतात. रिलेशनल म्हणजे नातं खोलीत हजर असणं: दोघं जोडीदार, किंवा आई आणि मुलगा. एकट्या बायकोशी तासभर तिच्या लग्नाबद्दल बोललात तर तो तास रिलेशनल नाही. नेमके याच रकान्यात विद्यार्थी मागे पडतात. जोडप्याची वेळ ठरते, ऐनवेळी नवरा येत नाही, आणि तास वैयक्तिक रकान्यात जातो. मंडळीशी संलग्न केंद्रांत हे जास्त, कारण बायको पाळकांच्या सांगण्यावरून येते आणि नवऱ्याला पाळकांना कळायलाच नको असतं. प्लेसमेंट, म्हणजे हे तास जिथे भरायचे ती जागा, निवडताना 'तुमच्याकडे आठवड्याला किती क्लायंट येतात' असं विचारू नका. 'जोडपी किती येतात आणि त्यांतली किती टिकतात' असं विचारा. शाळेतली प्लेसमेंट आकर्षक वाटते, पण तिथे मूल येतं, पालक येत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या हिशेबात एकट्या मुलाचा तास 'जोडपी, कुटुंबं आणि मुलं' या रकान्यात धरला जातो. आयोगाच्या रिलेशनल रकान्यात नाही. दोन हिशेब, दोन तक्ते, आणि दोन्ही पहिल्या आठवड्यापासून लिहायचे.

कॅलिफोर्नियाचा पुरा हिशेब देतो, कारण तिकडे बघणारे मराठी लोक बरेच आहेत. पदवी ६० सेमिस्टर युनिटची. लायसन्ससाठी एकूण ३,००० तास, किमान १०४ आठवड्यांत. त्यांत १,७५० प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यांतले ५०० वर सांगितलेल्या जोडपी-कुटुंबं-मुलं या रकान्यात. पदवीआधीचे जास्तीत जास्त १,३०० तास धरतात, म्हणजे किमान १,७०० तास पदवीनंतरचे लागतात. पदवी मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत असोसिएट (लायसन्सआधी देखरेखीखाली काम करणारा थेरपिस्ट) म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा. तो केला तर नोंदणी क्रमांक येण्याआधीचे तासही धरता येतात, मात्र काम सुरू करण्याआधी लाइव्ह स्कॅनने (डिजिटल पद्धतीने) बोटांचे ठसे दिलेले हवेत. ९१व्या दिवशी अर्ज गेला तर मधले तास गेले. विनंत्यांनी काही होत नाही. आणखी एक सापळा: असोसिएटला पगारी कर्मचारी किंवा स्वयंसेवक म्हणूनच काम करता येतं. 'स्वतंत्र कंत्राटदार म्हणून ये, १०९९ फॉर्म देतो' असं कुणी म्हणालं, आणि लहान ख्रिस्ती केंद्रं भाबडेपणाने असं म्हणतात, तर ते तास मोजले जात नाहीत.

आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणार. पदवीनंतरचं ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांचं, आणि एमएफटी स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या) यादीत नसल्याने त्याला मुदतवाढ नाही. गणित करा: एका आठवड्यात जास्तीत जास्त ४० तास धरले जातात. १२ महिन्यांत १,७०० तास कागदावर बसतात, म्हणजे आठवड्याला ३३च्या आसपास. पण त्यासाठी आधीचे १,३०० पूर्ण झालेले हवेत, आणि पदवीआधी तेवढे तास फार थोड्यांचे होतात. शिवाय रजा, क्लायंटची गैरहजेरी, नोकरी मिळेपर्यंतचे आठवडे. एवढं करूनही परीक्षा उरतेच. म्हणून 'अमेरिकेत लायसन्स घेऊन परत येईन' अशी योजना असेल तर ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा दुसऱ्या मार्गावर उभी आहे हे आधीच धरून चला. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना एच-१बीची कोटामर्यादा लागू नाही. एखाद्या मंडळीचं समुपदेशन केंद्र मात्र ना-नफा आहे एवढ्यानेच त्यात बसत नाही. कॅम्पसबाहेरच्या प्रॅक्टिकमसाठी (प्रत्यक्ष सरावासाठी) सीपीटी, म्हणजे शिकतानाच काम करण्याची परवानगी, लागतं, ते सर्वसाधारणपणे एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळतं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं की ओपीटीचा हक्क जातो. आठवड्याला २० तासांपर्यंतचं अर्धवेळ असेल तर जात नाही. प्रॅक्टिकमचं पत्र देताना ही अट आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आठवण करून द्या, विभागाला ती माहीत असेलच असं नाही.

आता 'ख्रिस्ती' भाग. तिथल्या भाषेत त्याला 'इंटिग्रेशन' म्हणतात, म्हणजे श्रद्धा आणि थेरपी यांची सांगड. बायबलचा तास वेगळा आणि थेरपीचा वेगळा असा प्रकार चांगल्या कार्यक्रमात नसतो. एक उदाहरण घ्या. कुटुंब-थेरपिस्ट बोसोर्मेनी-नॉज यांच्या कॉन्टेक्स्च्युअल थेरपीत कुटुंबातल्या देण्या-घेण्याची खातेवही असते: कुणी कुणासाठी काय सोसलं, कुणाचं देणं बाकी आहे. आता क्षमेच्या शिकवणीपुढे ही वही ठेवा. क्षमा म्हणजे खातं मिटवणं की आधी ते खातं उघडून वाचणं? क्षमा केली म्हणजे एकत्र राहायलाच हवं का? या प्रश्नावर दहा पानं लिहायला लावतात, आणि मार्क जातात ते प्रत्येक सिद्धांताच्या शेवटी एक वचन चिकटवणाऱ्यांचे. मला हा भाग संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत कसाचा वाटतो.

प्रत्यक्ष सत्रात त्याची परीक्षा कशी होते ते बघा. नवरा इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढतो: पत्नीने अधीन राहावं, लिहिलंय. नवशिक्या थेरपिस्टचं बोट लगेच एक ओवी वर जातं, २१व्या ओवीवर, 'एकमेकांच्या अधीन' असं तिथे आहे म्हणून. ओवी बरोबर असली तरी चाल चुकीची. आता खोलीत दोन उपदेशक झाले आणि बायको प्रेक्षक. सुपरव्हायजर रेकॉर्डिंग तिथेच थांबवून विचारतो: तो वचन म्हणत असताना ती कुठे बघत होती? अपेक्षित प्रश्न असा: 'हे वचन घरी कधी निघतं? त्याच्या आधी काय झालेलं असतं? ते ऐकल्यावर तुम्ही काय करता?' आणि दोघांना वेगवेगळं भेटून मारहाण, पैशांवरचा ताबा, फोन तपासणं याची चौकशी झाली नसेल, तर ती आधी. भीतीच्या सावलीत जोडप्याचं सत्र घेणं धोक्याचं, कारण बायको इथे खरं बोलली तर किंमत घरी मोजते.

प्रार्थनेचंही तसंच. प्रार्थना करावी की नाही यावर वाद घालण्यापेक्षा विचारतात: कुणी मागितली, कुणाला नको होती पण बोलता आलं नाही, आणि त्या मिनिटाला कोणता विषय टळला? भांडण रंगात आलं की 'आपण प्रार्थना करू या' म्हणणारा जोडीदार बऱ्याचदा भांडण बंद करत असतो. घटस्फोटाबद्दल एएएमएफटी या अमेरिकेतल्या कुटुंब-थेरपिस्टांच्या संघटनेची आचारसंहिता स्पष्ट आहे: निर्णय क्लायंटचा, आणि तसं त्यांना सांगायचं. तुमचा धर्मविश्वास काहीही असो, लायसन्सखाली बसलात की 'देवाला हे मान्य नाही' हे वाक्य तुमचं नाही. काही विद्यापीठं प्रवेशावेळी विश्वासनामा किंवा आचरणाचा करार सही करायला लावतात. तो आणि ही आचारसंहिता शेजारी ठेवून वाचा, दोन्ही मनापासून पाळता येणार नसतील तर आत्ताच कळलेलं बरं.

जेनोग्राम, म्हणजे कुटुंबाचा नकाशा, तुम्हाला येत असेल: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, तीन पिढ्या. तिथे त्याचा आध्यात्मिक प्रकार काढायला लावतात, म्हणजे बाप्तिस्मा कधी, मंडळी कोणती, कोण सोडून गेलं, कुणाशी बोलणं तुटलं. मराठी माणसाला हे समजायला रेव्हरंड टिळक दांपत्य पुरेसं आहे. नारायण वामनांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा; त्या दोन तारखांमधली वर्षं कागदावर मांडली की तुटलेली रेघ, पुन्हा जोडलेली रेघ आणि दोन्हीकडच्या नातलगांची ओढ एका नजरेत दिसते. आपल्याकडच्या कुटुंबांत ही तारीख सोडून काढलेला जेनोग्राम अर्धाच.

एका ठिकाणी मात्र वर्गात तुम्हाला हात वर करावा लागेल. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं 'आईबापांना सोडून' हे वचन आणि कुटुंब-थेरपिस्ट मिनुशिन यांची सीमारेषांची कल्पना एकत्र करून अमेरिकन पाठ्यपुस्तक नवरा-बायकोभोवती ठळक वर्तुळ काढतं. त्या हिशेबाने सासू-सासऱ्यांसह राहणारं वसईचं किंवा संगमनेरचं घर लगेच 'गुंतलेलं' ठरतं. एका छताखाली राहणं हा दोष नाही. नवरा-बायकोचं भांडण त्यांच्यातच मिटतं की दर वेळी आईच्या दारात जातं, हे बघायचं. केस मांडताना हा फरक दाखवलात तर सुपरव्हायजर ऐकतात. मराठीत सत्र घ्यायचा योग आला, तर रेकॉर्डिंगचा उतारा आणि भाषांतर तुम्हालाच करावं लागेल. सुपरव्हिजनच्या आधीचे दोन-तीन तास त्यासाठी राखा.

परत आल्यावर: भारतात एमएफटी नावाचं लायसन्स नाही. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करते आणि ही पदवी त्या नोंदणीला पुरत नाही, त्यामुळे पाटीवर ते बिरुद लावू नका. 'कुटुंब समुपदेशक' लिहा. कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात, पण तिथे समाजकार्याच्या पदवीला प्राधान्य. धर्मप्रांतांची केंद्रं, जसं मुंबईतलं स्नेहालय, शाळा, रुग्णालयं आणि खाजगी प्रॅक्टिस हे खरे पर्याय.

अर्ज करण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या प्लेसमेंट संचालकांना ईमेल करा, प्रवेश विभागाला नको. विचारा: गेल्या वर्षी किती जण रिलेशनल तासांअभावी वेळेत पदवी घेऊ शकले नाहीत? एफ-१ विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ओपीटीत पगारी असोसिएटची जागा मिळाली? सत्रांचं रेकॉर्डिंग कोण बघतं आणि किती वेळा? या तीन प्रश्नांना आकडे आले तर अर्ज करा. 'देव मार्ग दाखवील' असं उत्तर आलं तर आभार मानून पुढच्या कॉलेजला लिहा.