पंख दोन, तरी ‘मोनोप्लेन’ का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या लेखात लुई ब्लेरिओच्या उड्डाणाबद्दल लिहिले होते. २५ जुलै १९०९ रोजी त्याने कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली. ‘ब्लेरिओ ११’ या त्याच्या विमानाचा उल्लेख मी मोनोप्लेन असा केला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

फोटोत डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन पंख स्पष्ट दिसतात. मग ‘मोनो’ कसे? (वाचक, सातारा)

कारण इथल्या ‘प्लेन’चा अर्थ विमान नाही आणि एका बाजूचा पंखही नाही. विमानाला हवेत उचलून धरणारा जो पृष्ठभाग, तो प्लेन. डावा आणि उजवा पंख मिळून असा एक पृष्ठभाग होतो. एकावर एक असे किती पृष्ठभाग आहेत, तेवढेच मोजायचे, जसे इमारतीचे मजले मोजतो तसे. एकच असेल तर मोनोप्लेन, दोन असतील तर बायप्लेन, तीन असतील तर ट्रायप्लेन. जर्मनांनी तर नावातच थर मोजले आहेत: आइनडेकर, डोपलडेकर, ड्रायडेकर. पहिल्या महायुद्धात १९१५ साली दोस्तांच्या वैमानिकांना धडकी भरवणारे फोकर आइनडेकर हे असेच एका थराचे विमान होते.

हा शब्द आला कुठून? आधी एअरोप्लेन की आधी मोनोप्लेन? (वाचक, नाशिक)

आधी एअरोप्लेन. १८५५ साली जोसेफ प्लीन या फ्रेंच माणसाने ‘आएरोप्लान’ हा शब्द वापरला. फ्रेंचमध्ये ‘प्लाने’ या क्रियापदाचा अर्थ पंख न हलवता हवेत तरंगणे, घार तरंगते तसे. इंग्रजीत मात्र एअरोप्लेन हा शब्द सुरुवातीला उडणाऱ्या पृष्ठभागासाठीच वापरला जाई. भुंग्याच्या पाठीवरच्या कठीण आवरणालाही तो लावलेला आढळतो. अख्ख्या यंत्राला एअरोप्लेन म्हणायची सवय १८७० नंतर हळूहळू लागली. हा क्रम ध्यानात घेतला की साताऱ्याच्या वाचकांची अडचण आपोआप सुटते.

मोनोप्लेनची इंग्रजी कोशांतली नोंद १९०७ची आहे आणि हे वर्ष अगदी स्वाभाविक आहे. राइट बंधूंचे १९०३चे विमान दोन थरांचे होते. पण १९०६ साली त्रायान वुइया या रुमानियन संशोधकाने पॅरिसजवळ एका थराच्या यंत्राने छोटी झेप घेतली आणि पुढच्याच वर्षी ब्लेरिओ तशीच यंत्रे उडवू लागला. दोन वेगळ्या जाती समोर उभ्या राहिल्यावर त्यांना वेगळी नावे लागणारच. फेलिक्स द्यु ताँप्लच्या १८७४च्या यंत्रालाही पुस्तकांत मोनोप्लेन म्हणतात, पण ते नाव मागाहून दिलेले आहे.

‘मोनो’ ग्रीक आहे, ‘बाय’ लॅटिन. नावे ठेवणाऱ्यांना व्याकरणाच्या सोवळ्याशी काही देणेघेणे नव्हते, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

एक थर बनवणे सोपे, मग त्या काळी बहुतेक विमाने दुमजली का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

या प्रश्नाने मला फार आनंद झाला. एक थर बनवणे दिसते सोपे, पण तो टिकवणे महाकठीण होते. तेव्हा विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारा. पातळ पंखाला मोडू न देता त्याच्यावर माणसाचे आणि इंजिनाचे वजन तोलायचे होते. ऑक्टेव्ह शनूट हा मुळात रेल्वे आणि पुलांचा अभियंता. १८९६च्या ग्लायडरमध्ये त्याने पुलाची कैची उचलून पंखांत बसवली: वर एक पृष्ठभाग, खाली एक, मध्ये उभ्या काठ्या आणि तिरक्या ताणलेल्या तारा. हलकी आणि तरीही कणखर अशी ती चौकट होती. राइट बंधूंनीही तीच रीत घेतली.

मोनोप्लेनला ही चौकट मिळत नाही. वर एक खुंट उभारून त्यावरून पंखांना तारा बांधाव्या लागत. त्या तुटल्या की खेळ संपला. १९१२च्या सुरुवातीला ब्लेरिओने स्वतःच अहवाल दिला की पंखांवर वरून खाली दाब आला तर वरच्या तारा अपुऱ्या पडतात. फ्रेंच सैन्याने काही काळ मोनोप्लेनची उड्डाणे थांबवली. आपल्याच विमानाचा दोष असा उघड मांडणाऱ्या ब्लेरिओबद्दल मला खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओइतकाच आदर वाटतो. त्याच वर्षी सप्टेंबरात अपघातांनंतर ब्रिटिश युद्ध खात्यानेही आपल्या सैनिकी वैमानिकांना मोनोप्लेनची मनाई केली. ती १९१३मध्ये उठली, पण मनातला संशय पुढे बरीच वर्षे राहिला.

वाट काढली धातूने. डिसेंबर १९१५मध्ये ह्युगो युंकर्सचे संपूर्ण धातूचे विमान उडाले. त्याचा पंख जाड होता आणि आतूनच भक्कम, बाहेर एकही तार नाही. बाल्कनीच्या स्लॅबसारखा हा कँटिलिव्हर पंख. तारा आणि काठ्या गेल्या की हवेचा अडथळा घटतो, वेग वाढतो. तरी ब्रिटिश हवाई दलाची लढाऊ विमाने १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दुमजलीच होती. एका थराच्या लढाऊ विमानांपैकी हरिकेनचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९३५चे, स्पिटफायरचे मार्च १९३६चे.

शेपटीवरचे छोटे पंख मोजायचे का? (वाचक, नागपूर)

नाही. ते तोल राखण्यासाठी असतात.

जेआरडी टाटांचे पहिले टपाल विमान बायप्लेन होते असे वाचले. खरे काय? (वाचक, मुंबई)

ते मोनोप्लेन होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला त्यांनी आणलेले विमान म्हणजे डी हॅविलंड कंपनीचे पुस मॉथ. त्याचा एकच पंख वैमानिकाच्या डोक्यावरून जातो. घोटाळा होतो तो ‘मॉथ’मुळे. जेफ्री डी हॅविलंडना मॉथ, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या पतंग किड्यांच्या, अभ्यासाचा नाद होता, म्हणून त्यांनी अनेक विमानांना पतंगांची नावे दिली. त्यातली जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ दुमजली, तर पुस मॉथ आणि लेपर्ड मॉथ एका थराची. १९८२ साली त्या उड्डाणाच्या पन्नाशीला जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून.

मराठीत काय लिहावे? आणि आता हा शब्द ऐकू का येत नाही? (शिक्षिका, कोल्हापूर)

मुलांना शिकवताना ‘एकपंखी’ आणि ‘द्विपंखी’ जरूर लिहा, पण पहिल्याच तासाला थरांची आकृती काढून दाखवा. नाहीतर मुले एका बाजूचाच पंख डोळ्यांसमोर आणतील. इतिहासावरच्या लेखात मी मोनोप्लेन असेच लिहितो. आज प्रवासी विमाने सगळीच मोनोप्लेन असल्याने तसे मुद्दाम सांगण्याची गरज उरली नाही. बायप्लेन हा शब्द मात्र अजून कामाचा आहे. १९४७ साली पहिल्यांदा उडालेले रशियन अंतोनोव्ह एएन-२ हे दुमजली विमान शेतफवारणीसाठी आणि आडवळणी धावपट्ट्यांवर कित्येक दशके राबले आहे.