आधी शेजारी जाऊन बस

अनेक आशीर्वाद.

‘आता आणखी किती सोपं करू?’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य मला खटकलं. तू डिझाइन केलेल्या पडद्यावर पतसंस्थेतले रोखपाल रक्कम दुरुस्त करण्याआधी ‘बदल’ बटण दाबायला विसरतात, म्हणून तू मदतीचा व्हिडिओ करायला निघालीस. नको करूस. आधी त्यांच्या शेजारी जाऊन बस.

१९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन प्रयोगशाळेत ब्राव्हो नावाचा एडिटर, म्हणजे संगणकावर मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम, होता. त्यात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहिण्याची वेगळी. आपण लिहितोय अशा समजुतीत कुणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जायचा, ‘डी’ने पुसला जायचा, ‘आय’ने लिहिणं सुरू व्हायचं आणि पडद्यावर एकटा ‘टी’ उरायचा. हा एडिटर बनवणारे काही सामान्य लोक नव्हते. त्यांच्यातल्या बटलर लॅम्पसनना पुढे १९९२चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. तेव्हा रोखपालांची हुशारी कमी पडते, असं पुन्हा लिहू नकोस. तुझं ते ‘बदल’ बटण म्हणजे वेगवेगळ्या अवस्थांची हीच जुनी चूक आहे.

त्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी काय केलं? पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशनसंस्थेतले संपादक कसं काम करतात ते आधी पाहिलं. ते कात्रीने परिच्छेद कापत, दुसरीकडे चिकटवत. त्यातून ‘जिप्सी’ हा नवा एडिटर आला: टाइप केलं की अक्षर उमटणार, मजकूर हलवायचा तर कापा आणि चिकटवा. टेस्लरनी पुढे गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’, म्हणजे वेगवेगळ्या अवस्था नकोत, असं लिहून घेतलं. इतका हट्ट लागतो.

‘मग माझी सर्जनशीलता कुठे?’ असं विचारतेस. अगं, ती कात्री दिसणं हीच सर्जनशीलता! बंद खोलीत ती कुणाला सुचली असती?

मला कंपन्यांमध्ये ‘खोळंबा करणारा’ म्हणत. वेळापत्रक माझ्यामुळे लांबतं, असं म्हणून मोठी कामं दुसऱ्यांकडे गेली. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण माणसाला वापरताना न बघता मी पडदा पुढे पाठवू दिला नाही, आणि आज परत तीच वेळ आली तर परत तसंच करेन. खंत आहे ती बटणाच्या रंगावरच्या बैठकांत गेलेल्या वर्षांची. ती वर्षं काउंटरच्या आत घालवायला हवी होती.

तेव्हा शेजारी बस आणि गप्प बस. ‘इथे क्लिक करा’ म्हणायचं नाही, बोटही दाखवायचं नाही. हात कुठे थबकतो ते बघ. मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाच. तुझ्या डिझाइनने जे सांगितलं नाही, ते त्यांवर लिहिलेलं असतं.

जायचं ते संध्याकाळी, पिग्मी एजंट भरणा करायला रांग लावतात तेव्हा. निवांत वेळी सगळ्यांनाच सगळं जमतं. लॅपटॉप नको, वही ने. परत आलीस की मला लिही, मग ‘बदल’ बटणावर आपण हवं तेवढं भांडू.