पाच हजार मानधन घेतलं म्हणजे नाटक विकलं असं होत नाही, ताई

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की डिचोलीजवळच्या एका नाट्यमंडळाला तुम्ही जत्रेसाठी तीन अंकी नाटक लिहून दिलंत, संहितेची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली, पाच हजार मानधन घेतलं, कागद कसलाच नाही. आता अख्खं नाटक यूट्यूबवर आहे, मधे जाहिराती येतात, लेखक म्हणून मंडळाचंच नाव टाकलंय, आणि विचारलं तर म्हणतात 'पैसे घेतलेत ना, मग विषय संपला'.

संपला कसा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क द्यायचा तर लेखी कागद हवा, त्यावर मालकाची सही हवी. पैसे पोचले एवढ्यावरून हक्क जात नाही. पैसे देऊन फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसेल तेव्हा मालकी पैसे देणाऱ्याची धरतात हे खरं, पण लिखाणाला तो नियम नाही आणि तुम्ही काही मंडळाच्या पगारी नोकर नव्हता. रजिस्ट्रेशन केलं नाही म्हणून तुम्ही घाबरलाय, त्याची गरज नाही, लिहिलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला आणि तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. तरी आता अर्ज करून टाका, फी ५०० रुपये आहे आणि कोर्टात ती नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. पुढच्या वर्षी जत्रेत प्रयोगच होऊ देणार नाही म्हणताय, ते कठीण आहे. कलम ५२ मधे सूट आहे: हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या फायद्यासाठी नाटक केलं तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही. आपल्या गोव्यातली देवळातली नाटकं बहुतेक याच सुटीत बसतात, त्यामुळे तिथे भांडण काढू नका. पण ही सूट फक्त प्रयोगाला. नाटक शूट करणं आणि नेटवर टाकून त्यावर जाहिराती घेणं हे वेगळे हक्क, ते तुमच्याकडेच आहेत. कॅमेरावाला 'शूट मी केलंय' म्हणेल, त्याचा शूटिंगवर काय हक्क असेल तो असो, आतल्या संहितेवर नाही. आणि नाव गाळणं हा कलम ५७ खाली वेगळाच मुद्दा, लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरसुद्धा राहतो.

सगळ्यात आधी पुरावा धरा, कारण नोटीस गेली की व्हिडिओ उडतो. लिंक, चॅनलचं नाव, अपलोडची तारीख, खाली लिहिलेली माहिती, सगळ्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. पीडीएफ पाठवल्याचं चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलायचा असेल तर तूर्त थांबा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा कायदा आलाय, कोर्टात असा डिजिटल पुरावा द्यायला त्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा कोड) लागतं, ते वकिलाकडून करून घ्या.

मग यूट्यूबच्या फॉर्मवर तक्रार. कायद्याप्रमाणे रीतसर लेखी तक्रार पटली तर प्लॅटफॉर्मने ३६ तासांत काढायचं असतं, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत लावू शकतात, म्हणून फॉर्म भरून झोपून जाऊ नका. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, मंडळाच्या मागे धावायला नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पण पोलिसांची धमकी उगाच देऊ नका, निराधार धमकीवर उलट दावा होतो. आणि फेसबुकवर 'चोर' वगैरे तर अजिबात लिहू नका.

माझं मत विचाराल तर पुरावा हातात आल्यावर आधी मंडळाच्या सेक्रेटरीला बोलवा, शेवटी त्याच लोकांसाठी पुढचं नाटक तुम्हीच लिहिणार. नाव दुरुस्त करा आणि जाहिरातीच्या पैशांत वाटा द्या, नाहीतर व्हिडिओ उतरवा, एवढंच मागा. जमलं तर कागदावर घ्या, दोघांच्या सह्या, आणि दिलेल्या हक्काची मुदत व प्रदेश दोन्ही लिहा: मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि तुमचं नाटक दुबईतले गोंयकारही बघत असणार.