‘ई तू ममा ताम्बिएन’ या मेक्सिकन सिनेमाची जुनी डीव्हीडी असताना रीस्टोर केलेली ब्लू-रे घेण्यात अर्थ आहे का?

आहे. घ्या.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, “तसंही त्यात दोन पोरं, एक बाई आणि गाडीतला चावटपणा, एचडीत वेगळं काय दिसणार?” हेच वाक्य माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, मला कित्येक वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे तीच जुनी डीव्हीडी होती. दादा आणि मी ती घरच्या टीव्हीवर पाहिली. निवेदक बोलायच्या आधी गाडी, गाणं, पोरांची बडबड, सगळा आवाज एकदम बंद पडतो. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोननं ते मुद्दाम केलंय. दादा डिस्क खराब आहे म्हणून उठला, आणि नंतर तर निवेदनाचे तुकडे सरळ पुढे पळवायला लागला. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात, मामा-मामींसमोर, “हिला चावट सिनेमातही राजकारण दिसतं.” सगळे हसतात. मला ते लागायचं, अजून लागतं.

कारण राजकारण तिथे आहेच. गोष्ट १९९९ च्या उन्हाळ्यातली, मेक्सिकोतल्या पीआरआय पक्षाची ७१ वर्षांची सत्ता संपायच्या आदल्या वर्षीची. ती दोन पोरं म्हणजे तेनोच आणि हुलियो. तेनोचचा बाप सरकारातला बडा माणूस. हुलियोची बहीण डाव्या चळवळीतली, आणि ही पोरं हिंडतात ती तिच्याच गाडीतून. वाहतूक कोंडीला वैतागून ती शेजारून निघून जातात, तेव्हा निवेदक सांगतो की मिचोआकान राज्यातून आलेला एक गवंडी बसखाली मेला. पादचारी पूल इतका भलत्या जागी बांधलेला की कामावर जायला त्याला दोन किलोमीटरचा फेरा पडला असता. पुढे तेपेलमेमे गाव मागे पडतं. तेनोचला वाढवणारी बाई तिथली, चार वर्षांचा होईपर्यंत तो तिलाच आई म्हणायचा. तो गाडीत यातलं अवाक्षर बोलत नाही. दादानं पळवलं ते हे.

आणि जे निवेदक सांगत नाही ते खिडकीबाहेर आहे. रस्त्यात पोलिसांनी अडवलेली माणसं, बंदुका. ढाब्यासारख्या एका खानावळीत कॅमेरा या तिघांना टेबलावर सोडून एका म्हातारीमागून आत जातो, जिथे बायका राबताहेत. छायालेखक एमान्युएल लुबेझ्कीनं हे बहुतेक हातात कॅमेरा धरून, असेल त्या उजेडात टिपलंय. डीव्हीडीच्या चित्रात आडव्या ओळी ४८० किंवा ५७६, त्यात मागची माणसं म्हणजे नुसते ठिपके. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीनं २०१४ मध्ये काढलेली ब्लू-रे आवृत्ती टू-के (सुमारे दोन हजार बिंदू रुंदीच्या) रीस्टोरेशनची आहे, लुबेझ्कीच्या देखरेखीखाली झालेली आणि क्वारोननं मान्य केलेली. १०८० ओळींवर त्या ठिपक्यांना चेहरे येतात. एरवी रीस्टोरेशन म्हणजे ओरखडे पुसणं. इथे निम्मा सिनेमा हाती लागतो.

ब्लू-रे आली तेव्हा मी दादाला मुद्दाम बोलावलं, खिडकीचे प्रसंग थांबवून थांबवून दाखवले. तो म्हणाला, “दिसतंय गं, पण ते सगळं मागेच चाललंय ना?” अरे, मागेच चाललंय! पुढची दोन पोरं बघत नाहीत म्हणून तू पण बघायचं नाहीस का? पात्रांना झपाता, इतुर्बिदे, कोर्तेस अशी मेक्सिकोच्या इतिहासातली आडनावं देणारा लेखक मागे काय चाललंय ते न ठरवता शूटिंगला गेला असेल? तुमच्या घरीही असा कुणी दादा असेल, तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा चित्र थांबवून दाखवा.

आता दोन गोष्टी. ब्लू-रे डिस्क ठरावीक भागातल्या (रीजन) प्लेअरवरच चालते; क्रायटेरियनची अमेरिकन डिस्क रीजन ए ची असते आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन सी, तेव्हा सगळे रीजन चालणारा प्लेअर नसेल तर पैसे वाया जातील. आणि टीव्ही लहान असेल, लांबून बघत असाल, तर फरक बराच कमी जाणवेल. मात्र तुमची डीव्हीडी अमेरिकेतली असेल तर ती आर रेटिंगसाठी (तिथलं वयाचं प्रमाणपत्र) कापलेली नाही ना, हे आधी तपासा. तिथे कापलेली आणि न कापलेली अशा दोन्ही निघाल्या होत्या. कापलेली असेल तर बाकीचा विचारच करू नका, ब्लू-रेच मागवा.